मागच्या दाराची कडी

४ मार्च

ताई यांस,

नमस्कार. नऊ वर्षांनी पत्र लिहितो आहे, म्हणून आधी हे सांगतो की इकडे सगळे ठीक आहेत. काही वाईट घडलेलं नाही. काम आहे.

फाशीची शिक्षा ठेवायची की ती काढून फक्त जन्मठेप ठेवायची, हे ठरवण्यासाठी सरकारने एक समिती नेमली आहे. ती शहराशहरात जाऊन लोकांचं म्हणणं ऐकते. आमच्याकडे २० मेला येणार आहे. ज्यांच्या घरातल्या माणसाचा खून झाला अशा कुटुंबांची आमची एक संघटना आहे. तिच्या वतीने मी बोलायचं ठरलं आहे, अर्थातच फाशीच्या बाजूने.

त्यासाठी आप्पांच्या खुनाच्या खटल्याचं निकालपत्र आणि पंचनामा हवा आहे. कागद तुझ्याकडे आहेत. झेरॉक्स पाठवलीस तरी चालेल.

तुझं मत मला माहीत आहे. आप्पांना मारणाऱ्याला कोर्टाने फाशी सुनावली होती. दयेच्या अर्जावर घरच्यांना विचारलं तेव्हा मी लिहिलं, द्या फाशी. तू लिहिलंस, नको. एका घरातून दोन उलटे कागद गेले आणि तुझा कागद चालला. तो जन्मठेपेवर सुटला. 'सुटला' हाच शब्द मी वापरणार, कारण आप्पा सुटले नाहीत.

त्यावर पुन्हा वाद नको. फक्त कागद पाठव.

भावोजींना नमस्कार.

धाकटा


११ मार्च

प्रिय धाकट्या,

'ताई यांस' काय रे? मी काय तुझ्या सोसायटीची चेअरमन आहे? पाकिटावरचं अक्षर बघूनच मी ते भावोजींच्या हातात कोंबलं. भावोजींनी ते उघडून आधी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाले, "बस खाली, नमस्कार आहे." मग मी वाचलं.

कागद सोबत आहेत. झेरॉक्स नाही, मूळ नक्कलच पाठवते. जितका माझा हक्क तितका तुझा.

दुकान चालू आहे. आप्पांचं काचा घासायचं जुनं यंत्र मी अजून वापरते. नवीन यंत्र कोपऱ्यात रुसून बसलंय. भावोजी निवृत्त झाल्यापासून दुकानात येऊन बसतात आणि कोणाला कुठली फ्रेम शोभते हे न विचारता सांगतात. परवा एका बाईंना म्हणाले, "हिच्यात तुम्ही अगदी हेडमास्तर दिसता." बाई हेडमास्तरच निघाल्या. दोन चष्मे घेऊन गेल्या.

वाद नको म्हणालास, तर घालत नाही. पण एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच सांगते. दोन वर्षांपूर्वी तुरुंगातल्या समाजसेविकेचं मला पत्र आलं होतं. त्याला घरच्यांपैकी कोणाला तरी काही सांगायचं आहे, याल का, म्हणून. महिनाभर मी ते पत्र फ्रेमांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग गेले. अर्धा तास बसले त्याच्यासमोर.

काय बोलला ते लिहीत नाही. त्याने तुला त्रासच होईल, आणि मला तो द्यायचा नाही.

तू लिहिलंस, तेवढ्याने मला किती बरं वाटलंय ते सांगता येत नाही. भांडायला का होईना, लिही.

तुझी ताई


१७ मार्च

ताई,

कागद मिळाले. तुझं पत्र तीनदा वाचलं.

तू त्याला भेटलीस. समोर बसलीस. त्याने सांगितलेलं तू ऐकून घेतलंस आणि आता मला सांगत नाहीस, कारण मला त्रास होईल! ताई, मी चाळीस वर्षांचा आहे. या शहरातल्या दोनशे अकरा लिफ्टची जबाबदारी माझ्यावर आहे. मला लहान समजणं आता बंद कर.

तू मोठ्या मनाची, मी सूडाने पेटलेला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. कोणी विचारलं नाही की याला फाशीच का हवी. आता सांगतो. बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी आप्पांचं आणि माझं वाजलं होतं. मला लिफ्ट कंपनीत नोकरी घ्यायची होती, त्यांना मी दुकानात हवा होतो. ते म्हणाले, "दोरीला लटकलेल्या डब्यांवर पोट भरणार का तू?" मी तोंडात येईल ते बोललो आणि दुकानाच्या मागच्या दाराने निघून गेलो. तुला आपली पद्धत आठवते. मागून कोणी बाहेर पडलं की "आप्पा, कडी" म्हणून ओरडायचं, मग ते उठून आतून कडी घालायचे. मी ओरडलो नाही. दार नुसतं ढकलून गेलो.

संध्याकाळी ते गेले. आणि कोर्टात त्याने काय सांगितलं? मागचं दार उघडं दिसलं, मोह झाला, आत शिरलो, म्हातारा आडवा आला, हातात सापडलं ते मारलं. तुम्ही सगळे म्हणालात, आप्पा विसरले असतील कडी घालायला. मी गप्प बसलो. बारा वर्षं गप्प आहे.

ते दार मी उघडं टाकलं होतं. तो आत आला तो माझ्यामुळे. त्याला फाशी झाली असती तर आमच्या दोघांतला एक तरी संपला असता, असं मला वाटायचं. आता समजलं?

मी काम काय करतो, तर लिफ्टचं दार नीट लागलं की नाही ते बघतो. लागलं नसेल तर लिफ्ट हलताच कामा नये. हसू येतं कधी कधी.

धाकटा


२० मार्च

अरे वेड्या,

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. चार वेळा फोन केला, तू उचलत नाहीस. म्हणून दुकान भावोजींवर टाकून लिहायला बसले आहे आणि हे कुरियरने पाठवते.

कडी घातलेली होती.

पुन्हा लिहिते. कडी घातलेली होती, धाकट्या. तू गेल्यावर आप्पांनी उठून ती घातली होती. त्याच दिवशी, तुझ्या मागोमाग.

त्याने मला तेच सांगितलं. दार उघडं होतं हे कोर्टात तो खोटं बोलला. तो मागच्या दाराशी आला आणि त्याने दार वाजवलं. आतून आप्पांनी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "आईचा चष्मा तुटलाय, तिला काही दिसत नाही, उद्यापर्यंत थांबता येणार नाही." दुकान बंद करायची वेळ झाली होती. आप्पा म्हणाले, "थांब बाळ, उघडतो." मग कडी अडकली. तेव्हा आतून त्यांनी काय सांगितलं असेल? तूच सांग.

"दार जरा तुझ्याकडे ओढून धर, म्हणजे निघेल."

हे त्याला कुठून कळणार? ती कडी अडकली की बाहेरून कोणी दार ओढून धरल्याशिवाय निघत नसे, हे आपल्या घरच्यांशिवाय कोणाला माहीत होतं? कडी घातलेली नसती तर हे वाक्य आप्पा बोललेच नसते. त्याने ते जसंच्या तसं सांगितलं आणि मला खुर्चीतल्या खुर्चीत आप्पांचा आवाज ऐकू आला.

बाकीचंही सांगते, आता लपवत नाही. चष्मा खरंच तुटलेला होता, त्यानेच मुद्दाम तोडून आणला होता. आप्पा तो दुरुस्त करायला बसले. मान खाली घालून काडीचा स्क्रू बसवत होते तेव्हा त्याने मागून मारलं.

मी हे तुझ्यापासून का लपवलं? मला वाटलं, आप्पांच्या भलेपणाचाच त्याने फायदा घेतला हे कळलं तर तू आणखी पेटशील. उघड्या दाराने शिरलेला चोर निदान सहन तरी होतो. हे कसं सहन होईल? म्हणून गप्प बसले. तुझ्या पोटात काय आहे हे मला कुठे माहीत होतं! तू एक लपवलंस, मी एक लपवलं. दोन वर्षं माझ्याकडे तुझं औषध पडून होतं आणि मी ते विष समजून कुलपात ठेवलं. माझ्यासारखी शहाणी मीच.

फोन उचल.

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

तीन आठवडे झाले. तुझ्या बायकोशी बोलले. ती म्हणते, ठीक आहे, कामावर जातो, पण घरात शब्द बोलत नाही आणि ते पंचनाम्याचे कागद घेऊन बसतो. एक ओळ लिही. नुसतं 'यांस' लिहिलंस तरी चालेल.

ताई


१९ एप्रिल

प्रिय ताई,

माफ कर. एका बैठकीत लिहून होईल असं हे नव्हतं.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. म्हणजे कडीच्या वाक्यावर बसला. ते आप्पांचंच. पण माणूस इतकी वर्षं स्वतःला एक सांगत आला की दुसरं खरं असलं तरी त्याला जागा नसते. म्हणून पंचनामा काढला. बारा वर्षांपूर्वी मी तो वाचलाच नव्हता, पहिल्या पानावर दाराचा उल्लेख आला की मिटायचो. आता शेवटपर्यंत वाचला. टेबलावरच्या वस्तूंमध्ये लिहिलंय: 'एक स्त्रियांचा चष्मा, डावी काडी सुटलेली, शेजारी बारीक स्क्रू-ड्रायव्हर.' पोलिसांना तो दुकानातलाच वाटला. दुरुस्तीच्या वहीतली त्या दिवसाची नोंदही कागदांत आहे, त्यात असा चष्मा नाही.

तरी राहवलं नाही. परवा रजा टाकून मी तुरुंगात गेलो.

त्याला बघून मला काहीच वाटलं नाही, हे आधी सांगतो. मी ज्याला मारायचा विचार करत आलो तो तेवीस वर्षांचा, दाट केसांचा होता. समोर आला तो टक्कल पडलेला, हातांची कातडी साबणाने सोललेला माणूस. तुरुंगाच्या धोबीखान्यात काम करतो. मला ओळखून उभाच राहिला.

मी म्हटलं, "बस. कडी घातलेली होती?"

"होती. दोनदा अडकली."

"मग कोर्टात उघडं होतं का म्हणालास?"

तो म्हणाला, "वकील म्हणाले, दार वाजवलंस आणि चष्म्याची थाप मारलीस हे सांगितलंस तर ठरवून केलं असं होईल. सरळ फासावर जाशील. उघडं दिसलं म्हण, वाचायची आशा आहे. तरी फाशी झालीच. मग दयेचा अर्ज केला. त्यातही तेच लिहावं लागलं. गळ्याशी दोर असताना खरं सांगायची माझी छाती झाली नाही."

"आणि नंतर?"

"नंतर मरायचं नाही हे नक्की झालं. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग कळलं की आता रोज उठायचं आहे. खूप वर्षं काही बोललो नाही. ते मला बाळ म्हणाले होते. तेवढं कोणाला तरी सांगायचं होतं."

मी विचारलं, "दार उघडं होतं असं तू म्हणालास. ते उघडं कोणी टाकलं, याचा विचार केलास कधी?"

त्याला कळलंच नाही. मी सांगितलं. माझी दुपार, भांडण, न मारलेली हाक, सगळं. ताई, माझ्या बायकोच्या आधी मी ते त्या माणसाला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधी सांगितलं असतं असंही म्हणवत नाही."

मला बरं वाटेल असं खोटं बोलायची सोय होती त्याला. त्याने ती घेतली नाही. म्हणून माझा विश्वास बसला.

मी त्याला माफ केलेलं नाही. तसं कोणाला सांगू नकोस. निघताना मी फक्त "बरं झालं सांगितलंस" म्हणालो आणि बाहेर येऊन बस स्टँडवर मुलासारखा रडलो. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही घरातून निघाल्यावर चार वेळा कुलूप बघायला परत येता होय? मला वाटायचं, धंद्याची सवय." मग आम्ही दोघं हसलो. हसताना ती माझा हात धरून होती.

२० मेला काय बोलू, सुचत नाही.

तुझा,
धाकटा


२५ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवत होते. अर्ध्यात मला अक्षर दिसेना, पुढचं त्यांनी वाचलं, मग त्यांनाही दिसेना. एक गिऱ्हाईक आलं आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणालं, "डोळे आले आहेत का तुमचे? मग नंतर येतो."

मलाही एक सांगायचंय. सगळे मला मोठ्या मनाची म्हणतात. मी 'फाशी नको' लिहिलं ते काही तत्त्वासाठी नाही. ज्या सकाळी ते होणार, त्या सकाळी मी कुठे असेन, काय करत असेन, दात घासत असेन का, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. ते मला झेपणार नव्हतं. आणि पत्र टाकल्यावर दहा दिवस मी पस्तावले. पोस्टात जाऊन परत मागायला निघाले होते. भावोजींनी ना अडवलं ना ढकललं, नुसते चपला घालून सोबत निघाले. कोपऱ्यापर्यंत जाऊन मीच मागे फिरले. इतकी बारीक गोष्ट होती ती.

त्यामुळे काय बोलावं ते मी सांगणार नाही. घडलं ते बोल.

तू तुरुंगात एकटा गेलास, आणि परत येऊन मला लिहिलंस. देवाने माझा भाऊ मला परत दिला, आणखी काय पाहिजे?

तुझी ताई


२२ मे

प्रिय ताई,

परवा झालं. मोठ्या हॉलमध्ये पाच जणांची समिती, मधे निवृत्त न्यायाधीश बाई. बोलणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे 'फाशीच्या बाजूने' असं छापलं होतं. संघटनेच्या लोकांना मी आठवडाभर आधी सगळं सांगितलं होतं. निम्मे चिडले. आमचे अध्यक्ष, ज्यांची मुलगी गेली ते सर, म्हणाले, "तुझ्या वडिलांबद्दल तूच बोलणार. आम्ही कोण शब्द भरवणारे?" त्यांचे मी आभार मानले.

उभा राहून म्हटलं, बाई, ते छापलेलं खोडा, मग बोलतो.

मग घडलं तसं सांगितलं. म्हणालो, नऊ वर्षांपूर्वी मी लेखी फाशी मागितली होती. ती मिळाली असती तर एक खोटं कायमचं खरं झालं असतं आणि मी ते मरेपर्यंत वाहिलं असतं. त्या माणसाला भीती होती तोवर तो खोटं बोलला. भीती गेली, वेळ मिळाला, तेव्हा खरं बोलला. जन्मठेप त्याच्यासाठी चांगली की वाईट, मला माहीत नाही. माझ्यासाठी तो जिवंत असणं कामाला आलं.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "म्हणजे फाशी काढून टाकावी?" मी म्हटलं, माझ्या बाबतीत ती झाली नाही याचे मी आभार मानतो. इतरांचं मी कसं सांगू?

माझ्यानंतर आमच्यातल्या मास्तरीणबाई उठल्या. त्यांचा मुलगा गेला त्याला चौदा वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "यांच्या माणसाला वेळ दिला, त्याने खरं दिलं. माझ्या माणसालाही वेळ दिलाय. तो पत्ते खेळतो. मी कशाची वाट बघू?"   बाहेर आल्यावर मी त्यांच्यासाठी चहा आणला आणि आम्ही पायरीवर बसून प्यायलो. त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं ओझं उतरलं, बरं वाटलं हो." स्वतःचं डोक्यावर असताना दुसऱ्याला असं म्हणणारी माणसं असतात, ताई.

समिती काय ठरवेल ते ठरवो.

आता तुझं. दयेच्या अर्जाचा निकाल लागला त्या दिवशी मी तुझ्या उंबऱ्यात उभा राहून म्हणालो होतो, "तू आप्पांची मुलगीच नाहीस." भावोजी ऐकत होते. पुढे नऊ वर्षं मी तोंड दाखवलं नाही ते रागाने नाही, त्या वाक्याच्या लाजेने. या तीन महिन्यांत तू इतकं लिहिलंस, चेष्टा केलीस, रागावलीस, पण त्या वाक्याचं नाव काढलं नाहीस. मी प्रत्येक पाकीट उघडताना वाट बघत होतो.

ते वाक्य मी परत घेतो. ज्यांनी बंद दुकानाचं दार परक्यासाठी उघडलं, त्यांची मुलगी असंच पत्र लिहिणार होती. हे मला तेव्हा दिसलं नाही.

रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने येतो आहोत. भावोजींना सांग, मला कुठली फ्रेम शोभते ते ठरवून ठेवा, चाळिशी लागली आहे.

तेव्हा तू माझं ऐकलं नाहीस, ताई. फार बरं केलंस.

तुझा,
धाकटा